दीड वाव खोल समुद्र

लग्न होऊन मी या घरात आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी माझ्या सासऱ्यांनी माझ्या ट्रंकेचं माप घेतलं. मी चहा गाळत होते. मामंजी आले, ट्रंकेपाशी उकिडवे बसले, उजव्या हाताची वीत झाकणाच्या कडेवर टाकत टाकत पार टोकापर्यंत गेले आणि वर तीन बोटं मोजली. मग तोच हात उजव्या कानाकडे गेला. कानावर काही नव्हतं. हात तिथं जरा चाचपडला आणि खाली आला.

"पलंगाखाली मावेल," असं म्हणून ते निघून गेले.

मी घाबरून सासूबाईंकडे पाहिलं.

"अगं, ते तसेच आहेत," त्या म्हणाल्या. "दिसेल ते मापतात आणि मग कानावरची पेन्सिल शोधतात. मला बघायला आले होते तेव्हा माझ्याकडे एकदा पाहिलं असेल नसेल, सगळा वेळ आमच्या दाराच्या पडद्याकडे बघत होते. मला वाटलं, लाजतायत बिचारे. नंतर कळलं, पडदा चार बोटं आखूड होता."

मामंजी शिंपी, पण कपड्यांचे नव्हेत. त्यांचं काम जाड्याभरड्या कापडाचं: ताडपत्र्या, तंबू, गाड्यांचे टप, दुकानांपुढची छपरं. घराची पुढची खोली हेच दुकान. तिथं एक अवजड मशीन, गोणपाटाच्या घडीत खोचलेली दाभणं आणि दोऱ्याला चोळायचा मेणाचा गोळा. गळ्यात टेप असायची, पण ती नावाला. आधी वीत पडायची, टेप मागाहून नुसती साक्षीला यायची. कामाच्या वेळी कानावर पेन्सिल असे. काम नसलं तरी हात तिकडे जायचाच.

आमची मुलगी झाली तेव्हा नर्सनं तिला दुपट्यात गुंडाळून मामंजींच्या मांडीवर ठेवलं. सगळे नाक कुणासारखं आणि डोळे कुणासारखे यात गुंतलेले. मामंजींनी हळूच वीत टाकली. "दोन वीत, चार बोटं," ते म्हणाले आणि हात कानाकडे गेला.

"वजन लिहिलंय आम्ही, आजोबा," नर्स म्हणाली.

"वजनाचं नाही म्हणत मी, ताई. कापडाचं म्हणतोय."

गल्लीत मात्र त्यांना शिंपी कुणी म्हणत नसे. सगळ्यांचे ते पाणबुडे. "पाणबुडे, ताडपत्रीला ठिगळ मारायचंय." "पाणबुडे, उद्या दुकान उघडं का?" नव्या माणसाला वाटायचं, आडनावच ते. गंमत अशी, की मामंजींइतका पाण्याला भिणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. अंघोळ करायची ती बादलीपासून हातभर लांब बसून, छोट्याशा तांब्यानं, डोळे गच्च मिटून. बस पुलावर आली की डोळे मिटायचे आणि शेजारच्याला विचारायचे, "गेली का नदी?" कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं केसांवर पाण्याचा फवारा मारला की खुर्चीचे हात घट्ट धरायचे. तो न्हावी वात्रट. म्हणायचा, "पाणबुडेकाका, सांभाळा हं, लाट येतेय."

हे नाव त्यांनी स्वतःच्याच तोंडानं ओढवून घेतलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की ऐन तरुणपणी ते एका सिनेमात होते. 'चाळीस वाव खाली' असं त्या सिनेमाचं नाव. काळापांढरा, बुडालेल्या जहाजातला खजिना वर काढणाऱ्या पाणबुड्यांचा. दोन्ही हात पसरले की जेवढी लांबी होते ती एक वाव, म्हणजे चाळीस वाव हे भलतंच खोल झालं. त्या सिनेमात हिरो समुद्राच्या तळाशी उतरतो, पण तो हिरो नव्हेच. तांब्याच्या त्या गोल टोपाच्या आत आमचे मामंजी.

"डोक्यावर तांब्याचा हंडा घालून पाण्यात गेले म्हणे," सासूबाई कुणीही पाहुणा आला की सांगत. "लोक हंड्यात पाणी भरतात. ह्यांनी डोकं भरलं."

"अगं, हंडा नाही तो. टोप."

"आणि तोंड दिसतं का त्या टोपातून?"

"काच असते पुढे. पण पाण्यात कुठलं तोंड दिसायला?"

"हेच. बरं सापडतं तुम्हाला. तोंड दिसत नाही, म्हणजे मी पण म्हणू शकते की आत मी होते."

मला मात्र ती गोष्ट फार आवडायची. दुपारी मी त्यांना दोऱ्याला मेण लावून द्यायची आणि ते मशीन चालवता चालवता सांगायचे. सिनेमावाल्यांनी गावाबाहेरचा बंद पडलेला बर्फाचा कारखाना भाड्यानं घेतला होता. तिथला मोठा हौद हाच समुद्र. हौदाच्या एका बाजूला भिंत फोडून जाड काच बसवलेली आणि काचेबाहेर कॅमेरा. खोली किती, तर दीड वाव. बाकीचे साडेअडतीस वाव प्रेक्षकांनी आपापल्या मनानं घालायचे.

टोप बंदरावरून खरा आणला होता, पण त्याच्याबरोबरचा पाणबुड्याचा पोशाख कुजून गेलेला. म्हणून ते मामंजींकडे आले. आतून रबर लावलेलं जाड कापड, नखशिखांत एकच पोशाख आणि शिवण अशी, की थेंब आत जाता कामा नये. माप द्यायला हिरो स्वतः येणार होता. तो आज येतो, उद्या येतो, करत आलाच नाही. मामंजी वाट बघून कंटाळले. हिरो झाला तरी माणूसच, असं म्हणून त्यांनी स्वतःच्या मापानं कापड कापलं.

"स्वतःच्या अंगाइतकं हुकमी माप दुसरं कुठलं मिळणार, सांग ना," ते मला अजूनही विचारायचे, जणू मीच हरकत घेतली होती.

हिरो निघाला त्यांच्याहून डोकंभर उंच, शिवाय पोटभर पुढे. पोशाख गुडघ्यापाशीच अडकला. बंदरावरून एक खराखुरा पाणबुड्या आणला होता, पण तो कपाटाएवढा. दिग्दर्शक डोकं धरून बसला. मग त्यानं मान वर केली, तर समोर गळ्यात टेप घालून मामंजी उभे. त्याची नजर पोशाखावरून मामंजींवर आणि मामंजींवरून पोशाखावर फिरायला लागली.

"मास्तर, तुमच्या शिवणीतून पाणी आत येईल?"

"थेंब येणार नाही."

"नक्की?"

"लिहून देतो."

"लिहू नका. घाला."

"तिथं माझी बोबडी वळली बघ," मामंजी म्हणायचे. "नाही म्हणावं तर शिवण कच्ची ठरते. हो म्हणावं तर मीच कच्चा."

पायात शिशाच्या तळाचे बूट, डोक्यावर टोप, टोपाला हवेची नळी आणि वर दोन माणसं हवेचा पंप फिरवणार. कमरेला दोरी. एक झटका दिला तर सगळं ठीक, दोन दिले तर वर ओढा. पाणी घोट्याला लागलं तेव्हाच मामंजींनी दोन झटके दिले. मग आणखी दोन. वरच्यांना वाटलं, शिंपी आहे, दोरीचा पीळ तपासतोय. त्यांनी आणखी दोरी सोडली.

करायचं काय होतं, तर तळावरून चालत जायचं, खजिन्याची पेटी शोधायची, ती उघडायची आणि आनंदानं दोन्ही हात वर करायचे. टोपाच्या काचेवर पाणी चढलं तसं मामंजींनी देवाचं नाव घेतलं आणि डोळे मिटले, ते वर काढेपर्यंत उघडले नाहीत. हे डोळे मिटल्याचं गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. मला त्यांनी शपथ घालून सांगितलं होतं.

"मग पेटी कशी सापडली?"

"चाचपून. डोळ्यांचं काय काम? पण एक थेंब आत आला नाही हं."

"आणि ऑक्टोपस? पोस्टरवर ऑक्टोपस होता म्हणे."

ऑक्टोपस हा शब्द निघाला की मामंजींना एकदम तहान लागायची. पाणी आणायला मी आत गेले की परत येईतो विषय बदललेला असे.

आता सासूबाईंचं सांगते, कारण त्यांच्याही आयुष्यात अशीच एक मोठी गोष्ट होती. लग्न नवं असताना मामंजींनी एक काम आणलं होतं: आठ लोड. दोन-दोन वाव लांब आणि टोकाकडे निमुळते. कुठल्याशा बड्या माणसाच्या दिवाणखान्यासाठी. खोळी मामंजींनी जाड काळ्या कापडाच्या शिवल्या आणि कापूस सासूबाईंनी भरला. त्यांच्या भरण्यात गाठ म्हणून सापडायची नाही. आणि प्रत्येक लोडाच्या टोकाला त्यांनी आपल्या हातानं एक टपोरा गोंडा लावला. गोंडा ही त्यांची खूण. आमच्या घरात उशीला गोंडा, आसनाला गोंडा, टाचणी खोचायच्या गादीलाही गोंडा. गोंड्याशिवाय उशी म्हणजे नाकाशिवाय चेहरा, असं त्यांचं मत.

"लोड निमुळते कशाला?" त्यांनी तेव्हा विचारलं होतं.

"मोठ्या लोकांची आवड," मामंजी म्हणाले होते.

तेव्हापासून गल्लीत नवी सून आली की सासूबाई तिला ऐकवत, "कुठल्यातरी दिवाणखान्यात आजसुद्धा माझे आठ लोड पडलेत. बडी बडी माणसं टेकून बसतायत. ह्यांच्या सिनेमासारखं नाही हो, माझे लोड खरे आहेत." अशा वेळी मामंजी स्वतःची नखं बारकाईनं बघत बसायचे.

पुढे मामंजींना दाभणात दोरा ओवता येईना. दुकान बंद झालं. मशीनवर त्यांनी स्वतः शिवलेली ताडपत्री घातली आणि तिच्याशेजारी खुर्ची टाकून ते बसायला लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची आणि सिनेमाची गोष्ट सांगायची, हेच काम उरलं. पूर्वी तो काम करता करता सांगायचा किस्सा होता. आता तो किस्साच त्यांचं दुकान झाला होता.

अशात एक दिवस आमची मुलगी कॉलेजातून आली ती गल्लीतूनच ओरडत. "आजोबा! तुमचा सिनेमा येतोय! टॉकीजला पोस्टर लागलंय!"

जुने सिनेमे दाखवणारं एक मंडळ होतं, त्यांना कुठल्याशा गोदामात 'चाळीस वाव खाली'ची रिळं सापडली होती. रविवारी सकाळी एकच खेळ.

मला वाटलं, मामंजी खुर्चीतून उडी मारतील. ते म्हणाले, "रविवारी माझे गुडघे दुखतात."

"आज कुठला वार आहे, तुम्हाला माहीत तरी आहे का?" सासूबाई भाजी चिरायची थांबल्या. "चला ना, बघूच एकदा. इतकी वर्षं माझे कान किटलेत. दिसलात तर दिसलात. नाही दिसलात, तर या घरात पाणबुड्याचं नाव काढायचं नाही. आणि गल्लीत मी स्वतः सांगणार, की सगळ्या थापा होत्या. कबूल?"

मामंजींनी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, कळलं नाही. सासूबाईंनी होकार धरला.

दुपारी मी पुढच्या खोलीत केर काढायला गेले, तर मामंजी ताडपत्रीवर हात ठेवून बसलेले.

"सूनबाई, मला नाही यायचं."

"का हो? उलट मान ताठ करून या."

"मी पाहिलेलाच नाही तो सिनेमा."

मी केरसुणी खाली ठेवली.

"इथं लागला, तेव्हाच तुझ्या नवऱ्यानं जन्माला यायचं ठरवलं," ते म्हणाले. "तुझ्या सासूचे फार हाल झाले. मी दवाखान्यात बाकावर बसून होतो. दोघांना घरी आणलं तोवर टॉकीजवर दुसराच सिनेमा लागला होता. फार चाललाच नाही तो. आता मला काय ठाऊक, माझं काम ठेवलंय की कापलंय? मी कसा दिसतो, काय केलं, मी तर डोळे मिटून होतो."

"कापलं नसेल."

"आणि नसेल कापलं, तर आणखीच पंचाईत." त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्यात ऑक्टोपस आहे. त्याचे हात म्हणजे... तिचे लोड."

मला कळायला जरा वेळ लागला. मग मी तोंडात पदर कोंबला.

"हसू नकोस! नवी नवरी होती. सिनेमावाल्यांचं नाव काढलं तरी घाबरायची, म्हणून लोड म्हटलं. मग ती एवढी खूश झाली, की माझी जीभच उचलेना. आपल्या हातचं काहीतरी मोठ्या घरी गेलं, हे तिला केवढं वाटलं. तिला काय सांगू, तुझे लोड हौदात भिजले म्हणून?"

"आणि गोंडे?"

"कापले ना मी. घाईघाईत कापले." मग म्हणाले, "म्हणजे बघ, मी दिसलो नाही तर माझी गोष्ट जाते. आणि तिला लोड ओळखू आले तर तिची जाते. घरात बोलायला उरायचं काय आम्हाला?"

मी एवढंच म्हटलं, की देवानं ती रिळं इतकी वर्षं उंदरांपासून जपली आहेत, ती काही आपलं वाटोळं करायला नाही. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही, पण रविवारी सकाळी ते अंघोळ करून सगळ्यांच्या आधी तयार होते.

टॉकीजमध्ये निम्मी गल्ली होती. न्हाव्यानं दुकानाला कुलूप लावलं होतं आणि तो बरोबर आमच्या मागच्या रांगेत. मंडळाचे एक चष्मेवाले गृहस्थ पुढे उभे राहून, कृपया शांतता राखा, असं सांगत होते. मुलगी आणि आमचे हे तिकडच्या टोकाला बसले. या टोकाला मामंजी, मध्ये सासूबाई, मग मी.

"तुम्हाला काय नवल सिनेमाचं," सासूबाई पुटपुटल्या. "तुम्ही पूर्वीच पाहून आलाय. मी तिकडे मरणाच्या दारात, आणि हे सिनेमा बघतायत."

"मी नाही पाहिला," मामंजी म्हणाले.

"काय?"

"बाकावर होतो. दवाखान्याच्या."

"रोज?"

"मग कुठं जाणार?"

सासूबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "मग एवढी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू म्हणालीस, पाहून आलात ना? रागात होतीस. म्हटलं, असू दे."

त्या काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात दिवे गेले.

पडद्यावर आधी नुसत्या रेघा पावसासारख्या पडत राहिल्या. मग जहाज आलं. हिरो छाती काढून उभा. दाढीवाला खलनायक दुर्बिणीतून बघतोय. एक मुलगी रुमाल हलवत रडतेय. हिरोच्या डोक्यावर तांब्याचा टोप चढवतात, काचेतून त्याचं तोंड दिसतं, तो हसतो आणि शिडीवरून उतरायला लागतो.

"पाणबुडेकाका, आता तुमची पाळी हं," मागून न्हावी म्हणाला.

काचेवर पाणी चढलं. मी सासूबाईंच्या पलीकडे डोकावले. मामंजींचे डोळे गच्च मिटलेले. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर आवळलेले.

"अहो!" सासूबाईंनी त्यांना कोपर मारलं. "डोळे उघडा!"

"पाणी गेलं का?"

"पाणी कुठलं? पडदा आहे तो!"

"तू बघ. तू बघून मला सांग."

"शांतता," पुढून चष्मेवाले म्हणाले.

"हे बरं आहे," सासूबाई कुजबुजल्या, म्हणजे तीन रांगांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "सिनेमात काम ह्यांनी केलं म्हणे, आणि बघायचं मी. बरं, ऐका. एक माणूस चालतोय. पोटात दुखत असल्यासारखा चालतोय. आता मासे आले. मासे पुठ्ठ्याचे दिसतायत. आता अंधारातून काहीतरी... अगं बाई. हे काय ध्यान?"

ऑक्टोपस आला होता. मोठा, काळा, बटणासारखे दोन डोळे. त्याचे हात दोऱ्यांवर वरखाली होत होते. एक हात सरसर पुढे आला, थेट कॅमेऱ्याच्या काचेपाशी, आणि त्याच्या टोकाला एक टपोरा गोंडा होता.

टॉकीजभर हशा पिकला. न्हावी तर खुर्चीतून घसरला. हसल्या नाहीत त्या फक्त सासूबाई.

"अहो," हशा ओसरल्यावर त्या म्हणाल्या.

"हं."

"माझे लोड कुठल्या दिवाणखान्यात गेले म्हणालात?"

मामंजींनी डोळे उघडले नाहीत. "मोठा होता," ते म्हणाले. "पाण्यानं भरलेला."

सासूबाईंचं सांगायचं बंद. पडद्यावर पाणबुड्यानं ऑक्टोपसचे सगळे हात एकेक करून दूर ढकलले, खरं तर पाणबुड्याचे हात नुसतेच पाण्यात चाचपडत होते आणि लोड त्यांना येऊन लागत होते. माझं लक्ष सिनेमात नव्हतं. मी मनात म्हणत होते, देवा, आता निदान मामंजी तरी दिसू देत. एक गोष्ट गेली तर गेली, दुसरी राहू दे.

मग पेटी आली. वाळूत अर्धी रुतलेली, पितळी पट्ट्यांची. पाणबुड्या अडखळत तिच्यापाशी आला, त्याचा पाय पेटीला लागला, तो गुडघ्यावर बसला. संगीत चढायला लागलं. आता झाकण उघडणार. आणि पाणबुड्यानं उजव्या हाताची वीत पेटीच्या कडेवर टाकली. मग पुढे दुसरी. तिसरी. चौथी. संगीत वाट बघून थकलं आणि पुन्हा पहिल्यापासून चढायला लागलं. त्यानं वर बोटं मोजली. मग तो हात उठला, टोपाच्या उजव्या बाजूला गेला आणि तांब्यावर चाचपडत काहीतरी शोधायला लागला.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. काचेच्या बांगड्या रुतल्या मला.

शेवटी एकदाचं झाकण उघडलं, दोन्ही हात वर गेले आणि पडद्यावर हिरोचा कोरडाठाक चेहरा आला.

मामंजींनी एक डोळा उघडला. "झालं?"

"झालं," सासूबाई म्हणाल्या.

"मी... होतो का गं?"

मागून न्हाव्यानं मान पुढे काढली. "काय काकू, होते का आमचे पाणबुडेकाका? तोंड तर कुठं दिसलं नाही बुवा." आजूबाजूचे सगळे आमच्याकडे वळले. मामंजी समोर पडद्याकडे बघत होते, पण सिनेमा बघत नव्हते. इतक्या वर्षांची त्यांची गोष्ट आता एका बाईच्या जिभेवर होती, आणि त्या बाईच्या हातून तिची स्वतःची गोष्ट नुकतीच हौदात पडली होती.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. पडद्यावर त्यांची सावली पडली.

"खजिना सापडला की दुनिया आधी झाकण उघडते," त्या न्हाव्याला म्हणाल्या. "हा माणूस पेटीचं माप घेत होता. आणि हंड्यावर पेन्सिल शोधत होता. नवराच आहे माझा! दुसरा कोण असणार?"

"बाई, बसून घ्या," चष्मेवाले काकुळतीला आले.

त्या बसल्या. मामंजींकडे न बघता हळूच म्हणाल्या, "लोडांचं घरी गेल्यावर बघते." पण बाहेर पडताना मामंजींचा दंड धरून "पायरी आहे, जपून" म्हणाल्या. मामंजींचे डोळे तेव्हा टक्क उघडे होते.

लोडांचं त्यांनी घरी गेल्यावर पाहिलंच. तीन दिवस मामंजींना चहात साखर कमी होती. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी भाजी घेऊन परत आले, तर न्हाव्याच्या दुकानापुढे ही गर्दी. आत मामंजी मानेभोवती फडकं गुंडाळून खुर्चीत, अर्धी दाढी झालेली, आणि सासूबाई मधोमध उभ्या.

"तो ऑक्टोपस माझा," त्या सांगत होत्या. "आठही हात मी भरले, एका हातात गाठ सापडली तर दाखवा. गोंडा पाहिलात ना? दिवाणखान्यात दहा माणसं टेकली असती. इथं सगळ्या दुनियेनं पाहिलं. ह्यांना काय, नुसतं चालायचं होतं."

"आणि काका काय करत होते, काकू?" न्हावी वस्तरा हवेत धरून विचारत होता. त्यानं स्वतः पाहिलेलं सगळं त्याला पुन्हा ऐकायचं होतं.

"हे? थांब, दाखवते." सासूबाईंनी पदर खोचला, त्याच्या आरशाखालच्या फळीशी वाकल्या आणि वीत टाकली. "असं एक. असं दोन. असं तीन. मग वर बोटं. मग हात असा हंड्याकडे."

"तीन नव्हे, चार," मामंजी फेसातून म्हणाले. "पेटी चार वीत होती."

सासूबाई वळल्या. "तुम्ही पाहिलाय का सिनेमा?"

"नाही."

"मग गप्प बसा. हं, तर काय सांगत होते मी..."